फ्रेंचमधील संकेतार्थी वाक्यरचना आणि ‘तीन प्रकारांचा तक्ता’ : मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत द्वितीय भाषा म्हणून, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या विद्यापीठीय विभागात आणि मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच भाषेचे अध्यापन दीर्घकाळ चालू आहे. या अध्यापनात प्राथमिक पायरी ओलांडताना विद्यार्थ्यासमोर जी प्रकरणे येतात, त्यांत ‘सि’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचे, म्हणजे मराठीतील जर-तरच्या वाक्यांचे प्रकरण महत्त्वाचे आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकांतून ते एका तक्त्याच्या साहाय्याने शिकवले जाते. तक्ता सुटसुटीत आहे, पाठ करण्यास सोपा आहे आणि परीक्षेतील रिकाम्या जागा भरण्यास पुरेसा आहे. तरीही तो पाठ असलेला विद्यार्थी स्वतःचे वाक्य रचू लागला की अडखळतो. या अडखळण्याचे कारण विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात शोधण्यापूर्वी तक्त्याचीच तपासणी करणे अगत्याचे आहे. ती तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी ज्या उपवाक्यात अट सांगितली जाते त्यास ‘अटवाक्य’ आणि ज्यात तिचा परिणाम सांगितला जातो त्यास ‘फलवाक्य’ असे म्हटले आहे. फ्रेंच उदाहरणे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. त्यांतील ‘रे’ हा मिटलेला आणि ‘रॅ’ हा उघडा उच्चार समजावा.

तक्त्याचे स्वरूप

तक्त्यात तीन प्रकार येतात. पहिल्या प्रकारात अटवाक्यात वर्तमानकाळ आणि फलवाक्यात भविष्यकाळ असतो : ‘सि झे ल ताँ, झ् व्ह्यँद्रे’, म्हणजे ‘मला वेळ मिळाला तर मी येईन’. दुसऱ्या प्रकारात अटवाक्यात अपूर्ण भूतकाळ (आँपार्फॅ) आणि फलवाक्यात ‘कोंदिसिओनेल’ या रूपाचा वर्तमानकाळ असतो : ‘सि झाव्हॅ ल ताँ, झ् व्ह्यँद्रॅ’, म्हणजे ‘माझ्याकडे (आत्ता) वेळ असता तर मी आलो असतो’. तिसऱ्या प्रकारात अटवाक्यात पूर्ण भूतकाळ (प्ल्यु-क-पार्फॅ) आणि फलवाक्यात कोंदिसिओनेलचा भूतकाळ असतो : ‘सि झाव्हॅ यु ल ताँ, झ् सरॅ व्हन्यु’, म्हणजे ‘माझ्याकडे (तेव्हा) वेळ असता तर मी आलो असतो’.

या तक्त्याला जोडून एक यमकवजा सूत्र शिकवले जाते : ‘ले सि नेम पा ले रॅ’. ‘सि’ला ‘रॅ’ आवडत नाहीत, अर्थात ‘सि’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात ‘रॅ’ने संपणारे कोंदिसिओनेल रूप कधीही वापरू नये. फ्रान्समधील शाळकरी मुलांनाही हेच सूत्र शिकवले जाते. करवती आणि पाकट मासे या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे उच्चार असेच असल्यामुळे त्यात एक गमतीदार श्लेषही साधला जातो. सूत्र उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ते नेमक्या कोणत्या चुकीवरचा उपाय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

नावाने होणारी दिशाभूल

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. ‘कोंदिसिओनेल’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘अटीसंबंधीचे’ असा आहे. प्रत्यक्षात ‘सि’च्या वाक्यात हे रूप अट सांगत नाही, फळ सांगते. अट सांगण्याचे काम भूतकाळाची रूपे करतात. म्हणजे ज्या रूपाला अटीचे नाव दिले, त्यालाच अटवाक्यात प्रवेश नाही, अशी ही विसंगती आहे.

हे रूप अटीवाचूनही सर्रास वापरले जाते. दुकानात काही मागताना म्हणावयाचे ‘झ् व्हुद्रॅ’ (मला हवे होते) हे विद्यार्थी पहिल्या काही पाठांतच शिकतो. ‘ल मिनिस्त्र सरॅ मालाद’ या वृत्तपत्रीय वाक्याचा अर्थ ‘मंत्री आजारी असल्याचे कळते’ असा होतो. बातमीची जबाबदारी आपल्यावर न घेण्याचे काम येथे हे रूप करते. या दोन्ही ठिकाणी अट नाही.

या रूपाची व्युत्पत्ती पाहिली म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. फ्रेंच भविष्यकाळ हा लॅटिनमधील मूळ क्रियारूप आणि ‘असणे-जवळ असणे’ या अर्थाच्या ‘हाबेरे’ धातूचा वर्तमानकाळ यांच्या संयोगातून घडला. कोंदिसिओनेल त्याच क्रियारूपाला त्याच धातूचा अपूर्ण भूतकाळ जोडून घडले. म्हणूनच आजही त्याचे अंग भविष्यकाळाचे आणि प्रत्यय अपूर्ण भूतकाळाचे आहेत. मराठीत ‘गायचे आहे’ आणि ‘गायचे होते’ या जोडीत जो संबंध दिसतो, त्याच्याशी हा संबंध पुष्कळ जुळतो. थोडक्यात, हे भूतकाळातून पाहिलेले भविष्य आहे. गुस्ताव्ह गियोम यांनी १९२९ च्या ‘ताँ ए व्हॅर्ब’ या ग्रंथात त्याची मांडणी भविष्यकाळाच्या कुळात केली. रिगेल, पेला आणि रिउल यांच्या १९९४ च्या ‘ग्रामॅर मेतोदिक’मध्येही ते स्वतंत्र अर्थ न मानता निश्चयार्थातील काळ म्हणूनच मांडले आहे. पाठ्यपुस्तके मात्र त्याला अद्याप अनेकदा स्वतंत्र ‘अर्थ’ म्हणूनच सादर करतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ही अडचण दुणावते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून शालेय व्याकरणापर्यंत ‘संकेतार्थ’ ही संज्ञा त्याच्या परिचयाची आहे. कोंदिसिओनेलचे भाषांतर ‘संकेतार्थ’ असे केले की त्याची समजूत अशी होते की जेथे मराठीत संकेतार्थ, तेथे फ्रेंचमध्ये कोंदिसिओनेल. मराठी संकेतार्थ मात्र दोन्ही उपवाक्यांत नांदतो : ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’. ‘असता’ आणि ‘असते’ ही एकाच धातूची, एकाच अर्थाची रूपे वाक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. संज्ञेच्या या भाषांतरातच पुढच्या चुकीचे बीज आहे.

तीन चुका, तीन कारणे

मराठी आणि फ्रेंच रचना शेजारी ठेवून पाहिल्या तर मराठी भाषक विद्यार्थ्याकडून तीन वेगवेगळ्या चुका संभवतात. उत्तरपत्रिकेत तिन्हींवर एकच लाल रेघ ओढली जाते. परंतु त्यांची कारणे भिन्न आहेत.

पहिली चूक म्हणजे अटवाक्यातही कोंदिसिओनेल वापरणे. मराठीतील ‘असता-असतो’ ही सममिती हे तिचे एक कारण आहे. तथापि तेवढेच कारण नाही. फ्रेंच मातृभाषा असलेली मुलेही हीच चूक करतात. लुई पेर्गो यांच्या १९१२ च्या कादंबरीवर इव्ह रोबेर यांनी १९६२ साली काढलेल्या ‘ला गॅर दे बुतों’ या चित्रपटातील एका लहान मुलाच्या तोंडी असलेले अशाच रचनेचे वाक्य फ्रान्समध्ये आजही हौसेने उद्धृत केले जाते. मातृभाषकांसाठीच्या सूत्राची गरज फ्रेंच शाळांना वाटते, याचाही अर्थ हाच की दोन्ही उपवाक्ये एकाच साच्यात ओतण्याची ओढ मराठीपुरती मर्यादित नाही. जर्मन भाषेत अशी सममिती प्रमाण मानली जाते. जुन्या फ्रेंचमध्येही दोन्ही बाजूंना एकच, ‘स्युब्झाँक्तिफ’चे रूप येत असे. त्याचाच अवशेष ‘कोंदिसिओनेल भूतकाळाचे दुसरे रूप’ या नावाने ग्रांथिक फ्रेंचमध्ये टिकून आहे.

दुसरी चूक पहिल्या प्रकारच्या वाक्यात होते. मराठीत खुली, शक्य कोटीतील अट सांगताना ‘-ला’ हे भूतकाळी रूप वापरले जाते : ‘उद्या वेळ मिळाला तर येईन’. ‘उद्या’ आणि ‘मिळाला’ एका वाक्यात नांदतात आणि मराठी माणसाला त्यात काहीही खटकत नाही, कारण येथे ‘-ला’ भूतकाळ दाखवत नसून क्रियेची पूर्तता दाखवतो. फ्रेंचमध्ये अशा ठिकाणी वर्तमानकाळ हवा. विद्यार्थ्याने ‘मिळाला’चा शब्दशः माग काढून ‘सि झे यु ल ताँ’ असे लिहिले, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या मोडत नाही. परंतु त्याचा अर्थ ‘मला वेळ मिळालेला असेल तर’ असा बदलतो. अशी चूक डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे.

तिसरी चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या सरमिसळीची आहे. वर तक्त्यातील या दोन्ही प्रकारांच्या मराठी अर्थात ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ हे शब्द कंसात घालावे लागले, ही गोष्ट सूचक आहे. ते काढून टाकले तर दोन्हींसाठी मराठीत एकच वाक्य उरते : ‘माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो’. ही वेळ आजची की गेल्या वर्षीची, हे मराठी क्रियापद सांगत नाही, संदर्भ सांगतो. जुन्या मराठीत ‘तो येता तर बरे होते’ अशी साधी संकेतार्थी रूपे आढळतात. आजच्या भाषेत ‘असणे’ या क्रियापदापुरते साधे रूप जिवंत आहे. क्रियावाचक धातूंच्या बाबतीत फलवाक्यात ‘आलो असतो’, ‘घेतले असते’ अशी संयुक्त रूपेच रूढ आहेत. साहजिकच विद्यार्थ्याचा कल कोंदिसिओनेलच्या भूतकाळाकडे झुकतो आणि जेथे ‘व्ह्यँद्रॅ’ हवे तेथे तो ‘सरॅ व्हन्यु’ लिहितो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. वर्गात ज्या सूत्रावर सर्वाधिक भर दिला जातो, ते केवळ पहिल्या चुकीवरचा उपाय आहे. ती चूक फ्रेंच मुलेही करतात. मराठीच्या रचनेतून उद्भवणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकीबद्दल सूत्र मौन पाळते आणि तक्ताही. अध्यापनाची शक्ती सर्वांच्या चुकीवर खर्च होते आणि आपल्या विद्यार्थ्याची स्वतःची चूक निदानावाचून राहते.

तक्त्याबाहेरची भाषा

तक्त्याचा दुसरा दोष असा की तो भाषेचा फार मोठा भाग बाहेर ठेवतो आणि उरलेल्या भागालाच नियम म्हणतो. ‘सि त्यु आ फिनी, पार’ (तुझे झाले असेल तर जा) हे रोजच्या बोलण्यातील वाक्य तीनपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. ‘सिल फझॅ बो, नू सोर्तिओं’ (हवा चांगली असली की आम्ही बाहेर पडत असू) यात दोन्ही बाजूंना अपूर्ण भूतकाळ आहे. ते कल्पनेचे नव्हे तर सवयीचे वाक्य आहे. ‘सि झाव्हॅ आप्री ल फ्राँसॅ, झ् सरॅ आ पारी’ (मी फ्रेंच शिकलो असतो तर आज पॅरिसला असतो) यात अट तिसऱ्या प्रकारची आणि फळ दुसऱ्या प्रकारचे आहे. अशा वाक्यांसाठी पुस्तके ‘मिश्र प्रकार’ असा चौथा रकाना जोडतात. वस्तुतः मिश्रण भाषेत झालेले नाही. अटीचा काळ आणि फळाचा काळ यांचा निर्णय स्वतंत्रपणे होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सूत्राचीही हीच गत आहे. ‘झ् न साव्हॅ पा सिल व्ह्यँद्रॅ’ (तो येईल की नाही, हे मला ठाऊक नव्हते) या वाक्यात ‘सि’च्या पाठोपाठ कोंदिसिओनेल आले आहे आणि ते पूर्णतः शुद्ध आहे, कारण हा ‘सि’ अटीचा नसून अप्रत्यक्ष प्रश्नाचा आहे. मराठीत अटीसाठी ‘तर’ आणि प्रश्नासाठी ‘की’ किंवा ‘का’ असे निराळे शब्द असल्यामुळे हा भेद मराठी विद्यार्थ्याला सहज समजण्याजोगा आहे. तो सांगितला जात नाही, एवढेच.

उलटपक्षी, ‘सि’ नसला तर अटवाक्यात कोंदिसिओनेलला मज्जाव राहत नाही. ‘ओ का ऊ’ (जर का, न जाणो) या शब्दसमूहानंतर तेच रूप अपेक्षित असते. ‘काँ ब्यँ मॅम’ (जरी समजा) या शब्दसमूहानंतरही तेच येते. बोलीभाषेतील ‘त्यु म लोरॅ दी, झ् सरॅ व्हन्यु’ या वाक्यात तर दोन्ही बाजूंना कोंदिसिओनेल आहे. त्याचे मराठी रूप ‘मला सांगितले असतेस, तर आलो असतो’ असे होते. ‘जर’ गाळून बोलण्याची मराठीची लकब आणि ‘सि’ गाळून बोलण्याची फ्रेंचची लकब येथे एकमेकींना भेटतात. यावरून निष्पन्न होते ते असे की कोंदिसिओनेलवरील बंदी ‘अट’ या अर्थावर नाही, ती ‘सि’ या शब्दापुरती आहे. हे कळलेला विद्यार्थी नियम अधिक चांगला पाळतो, कारण त्याला नियमाची हद्द कळलेली असते.

मराठीतून मिळणारा आधार

येथवरच्या विवेचनावरून मराठी ही अडथळाच आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारातील सर्वांत अवघड कल्पना अशी की तेथील भूतकाळ हा काळ दाखवत नाही. वक्ता वास्तवापासून किती अंतरावर उभा आहे, हे दाखवतो. ‘सि ओं नालॅ ओ सिनेमा?’ या वाक्यात जाण्याची क्रिया पुढे घडावयाची आहे, पण रूप भूतकाळाचे आहे. पाठ्यपुस्तके त्याची ‘सूचना करण्याची विशेष रचना’ म्हणून वेगळी नोंद करतात. मराठी विद्यार्थ्याला मात्र ‘आपण सिनेमाला गेलो तर?’ एवढे सांगितले की पुरे. ‘गेलो’ येथे भूतकाळ नाही, हे तो उपजत जाणतो. ‘मला जरा बोलायचे होते’ या आर्जवी वाक्यातील ‘होते’ आणि फ्रेंचमधील ‘झ् व्हुलॅ’ (मला हवे होते) यांतही भूतकाळी रूपाने नम्रतेचे अंतर राखले जाते. ज्या कल्पनेचे स्पष्टीकरण देण्यासाठी परिच्छेद खर्ची पडतात, ती विद्यार्थ्याच्या तोंडात लहानपणापासून आहे.

तिसऱ्या चुकीसाठीही मराठीतूनच साधी कसोटी मिळते. फ्रेंचमध्ये वाक्य रचण्यापूर्वी विद्यार्थ्याने मराठी वाक्याच्या प्रत्येक उपवाक्यात ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ यांपैकी एक शब्द घालून पाहावा. अटवाक्यात ‘आत्ता’ बसला तर अपूर्ण भूतकाळ, ‘तेव्हा’ बसला तर पूर्ण भूतकाळ. फलवाक्यात ‘आत्ता’ बसला तर कोंदिसिओनेलचा वर्तमानकाळ, ‘तेव्हा’ बसला तर त्याचा भूतकाळ. ‘मी (तेव्हा) फ्रेंच शिकलो असतो तर (आत्ता) पॅरिसला असतो’ या वाक्यासाठी मग चौथ्या रकान्याची गरज उरत नाही.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की मातृभाषेशी तुलना करून चुकांचे भाकीत करण्याची पद्धत जुनी झाली आहे. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडलेल्या तौलनिक पद्धतीला एस. पी. कॉर्डर यांच्या १९६७ च्या लेखापासून मर्यादा पडल्या, हे खरे आहे. सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत आणि वर चर्चिलेली पहिली चूक त्याचेच उदाहरण आहे. परंतु कोणती चूक मातृभाषेतून येते आणि कोणती येत नाही, हे ठरवण्यासाठीही मातृभाषेकडे पाहावेच लागते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. फ्रेंचच्या वर्गात हिंदी, गुजराती, कोंकणी भाषक विद्यार्थीही असतात आणि अध्यापन बहुधा इंग्रजीच्या आधाराने चालते. इंग्रजी व फ्रेंच यांचे तक्ते जवळजवळ सारखे असल्याने तोच मार्ग सोयीचा वाटतो. तथापि ही सोय ज्याचे इंग्रजी पक्के आहे त्याचीच आहे. ज्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील तोच तक्ता अर्धवट पचवलेला असतो, तो फ्रेंचमध्ये कच्चा ठरतो. प्रत्यक्षात त्याचे इंग्रजी कच्चे असते. एका परकीय भाषेतील उणीव दुसऱ्या परकीय भाषेच्या गुणपत्रिकेवर उमटावी, हे न्याय्य नाही. मिश्र वर्गात सर्व अध्यापन मराठीतून करावे, असे येथे सुचवलेले नाही. मराठी भाषक विद्यार्थ्याची चूक तपासताना तिचे मूळ ओळखता यावे आणि त्याला त्याच्याच भाषेतील एक वाक्य आठवून देता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कोंदिसिओनेल हे अटीचे रूप नसून भूतकाळातून पाहिलेल्या भविष्याचे रूप आहे. त्याचे ‘संकेतार्थ’ असे सरसकट भाषांतर टाळावे.

२. अटवाक्यात कोंदिसिओनेल वापरण्याची चूक मराठी भाषकांपुरती मर्यादित नाही. खुल्या अटीत भूतकाळ वापरणे आणि फलवाक्यात विनाकारण संयुक्त भूतकाळी रूप योजणे, या दोन चुका मात्र मराठीच्या रचनेतून उद्भवतात आणि प्रचलित अध्यापनात त्यांची दखल घेतली जात नाही.

३. ‘हे वाक्य कोणत्या प्रकारचे?’ या एका प्रश्नाऐवजी ‘वक्ता ही गोष्ट शक्य मानतो की केवळ कल्पितो?’ आणि ‘प्रत्येक उपवाक्याचा काळ कोणता?’ हे दोन प्रश्न विद्यार्थ्याला विचारावयास शिकवावे. तीन प्रकार आणि तथाकथित मिश्र प्रकार या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून आपोआप सिद्ध होतात.

४. सूत्र शिकवताना त्याची हद्दही सांगावी. ते अटीच्या ‘सि’पुरते खरे आहे, प्रश्नाच्या ‘सि’ला आणि ‘सि’विना रचलेल्या अटीला ते लागू नाही.

तक्ता टाकून द्यावा, असा या चिकित्सेचा अर्थ नाही. उजळणीच्या वेळी तो उपयोगी पडतो. परंतु ज्या गोष्टीने प्रकरण संपावे, तिनेच ते सुरू करण्याची प्रथा मात्र बदलणे इष्ट आहे.